रोबोटिक की साधं? गुडघेबदलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदलणं माझं काम नाही. बदललेला गुडघा वाकता आणि चालता करणं हे माझं काम. पुण्यात पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. व्यायाम चालू असताना शेजारच्या एखाद्या काकू हमखास येऊन बसतात. त्यांचं स्वतःचं ऑपरेशन ठरायचं असतं, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्या विचारतात, "रोबोटिक करावं की आपलं साधंच?" हेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा लिहून काढलेली बरी. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

रोबोट एकटाच ऑपरेशन करतो का?

नाही. चिरा सर्जन देतात, सांधा उघडतात सर्जन, नवा सांधा बसवतात सर्जन, टाके घालतात तेही त्यांचीच माणसं. रोबोटचं काम मधल्या टप्प्यापुरतं: हाड किती आणि कोणत्या कोनात कापायचं हे मोजणं, आणि ते तसंच कापलं जाईल हे पाहणं.

त्यातही "रोबोटिक" या एका शब्दाखाली बरीच वेगवेगळी यंत्रं येतात. मॅको यंत्राच्या हातात करवत असते. ती सर्जनच चालवतात, पण ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की यंत्राचा हात अडवतो. रोझा हे यंत्र करवतीचा साचा नेमक्या जागी धरून उभं राहतं. कापायचं काम सर्जनचं. कोरी नावाच्या यंत्रात हातात धरायचं छोटं अवजार असतं आणि त्याच्या टोकाने हाड घासून काढतात. क्युव्हिस मात्र ठरवून दिलेला भाग स्वतःच कोरतो; सर्जन देखरेख करतात आणि हवं तेव्हा थांबवतात. म्हणून कुणी "आमच्याकडे रोबोट आहे" म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचा: कोणता?

साध्या ऑपरेशनमध्ये काय करतात?

आधी एक गैरसमज. आपल्याकडे "गुडघ्याच्या वाट्या बदलल्या" असं म्हणतात. खरं तर वाटी बहुतेक वेळा आपल्या जागीच राहते. फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवतात. बदलतं ते मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. म्हणजे सगळा गुडघा काढून नवा घालतात असंही नाही. दाताला कॅप बसवतात ना, दात घासून घेऊन वरून टोपी, तसाच हा प्रकार. दोन्ही बाजूंनी साधारण ८ ते १० मिलिमीटर हाड कापतात, मांडीच्या बाजूला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूची थाळी आणि मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, गादी. पकड बसावी म्हणून हाडांचं सिमेंट.

नेहमीच्या पद्धतीत कोन ठरवण्यासाठी मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालतात. नडगीसाठी बाहेरून, घोट्यापर्यंत जाणारी पट्टी लावतात. या दोहोंच्या आधाराने धातूचे साचे हाडावर पिनांनी पक्के करतात आणि साच्याच्या खाचेतून करवत चालवतात. पाय सरळ आला का, आतल्या-बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध (लिगामेंट) सारखे ताणले गेले का, हे सर्जन हाताने पाय हलवून आणि डोळ्याने पाहून ठरवतात. ऐकायला हे सुतारकाम वाटेल; थोडंफार आहेच. पण वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या हाताला जे कळतं ते कमी लेखू नका.

मग रोबोटमुळे नेमकं काय बदलतं?

मोजमाप बदलतं. काही यंत्रांसाठी ऑपरेशनच्या आधी पायाचा सीटी स्कॅन काढतात आणि संगणकावर तुमच्या हाडाची त्रिमित प्रतिकृती तयार होते. काही यंत्रांना स्कॅन लागत नाही. ती प्रत्यक्ष ऑपरेशनच्या वेळीच हाडाचा नकाशा घेतात.

टेबलावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. मांडीच्या हाडात आणि नडगीत बारीक पिना बसवतात आणि त्यांवर खुणेचे गोळे किंवा चकत्या लावतात. समोरचा कॅमेरा त्या खुणा पाहत राहतो, त्यामुळे पाय हलला तरी हाड कुठे आहे हे यंत्राला कळतं. मग सर्जन तुमचा पाय धरून खुब्यापासून गोल गोल फिरवतात. त्या फिरण्यावरून यंत्र खुब्याचा मध्यबिंदू शोधून काढतं. त्यानंतर एका टोकदार काडीने हाडाच्या पृष्ठभागावर ठरावीक ठिपक्यांना स्पर्श करत जायचं. एवढं झालं की पडद्यावर आकडे उमटतात: पाय किती अंश बाकदार आहे, वाकवल्यावर आत किती फट राहते, बाहेर किती. इथे एक मिलिमीटर कमी कापलं तर काय होईल हे करवत लावण्याआधीच दिसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी कामाची गोष्ट ही आहे. एकदा कापलेलं हाड परत चिकटवता येत नाही.

शिवाय मांडीच्या हाडात सळई घालावी लागत नाही. याचा फायदा कुणाला, ते पुढे सांगते.

अचूक बसवला म्हणजे गुडघा जास्त चांगला आणि जास्त टिकाऊ, बरोबर?

सगळ्या घोळाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर.

रोबोटने ठरवलेला कोन जास्त वेळा साधतो, यावर फारसा वाद नाही. नेहमीच्या पद्धतीत काही पाय ठरल्यापेक्षा तीनेक अंश इकडेतिकडे जातात. रोबोटमुळे असे पाय कमी होतात. वाद त्याच्या पुढे आहे. तो फरक पेशंटला जाणवतो का? आणि गुडघा त्यामुळे जास्त वर्षं टिकतो का?

दक्षिण कोरियात २००२ ते २००८ या काळात एकाच सर्जनने केलेली ऑपरेशनं घेऊन एक मोठी चाचणी झाली. कुणाला रोबोटिक आणि कुणाला साधं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. सरासरी १३ वर्षं पाठपुरावा करून २०२० साली निष्कर्ष छापले: दुखणं, चालणं, गुडघ्याचं वाकणं, नव्या सांध्याचं टिकणं, कशातच दखल घेण्यासारखा फरक नाही. यावर रोबोटवाल्यांचं म्हणणं असतं की ते यंत्र जुन्या पिढीचं होतं. ते खरंच आहे. ते यंत्र होतं रोबोडॉक, ज्याने १९९२ साली अमेरिकेत सॅक्रामेंटोमध्ये पहिल्यांदा माणसाच्या खुब्याच्या ऑपरेशनात हाड कोरलं होतं. आजची यंत्रं त्याहून पुष्कळ सुधारलेली आहेत. पण मॅकोवर संपूर्ण गुडघा बदलणं सर्रास सुरू झालं तेच २०१७ च्या सुमारास. वीस वर्षं टिकतो की नाही हे सांगायला आधी वीस वर्षं जावी लागतात.

दुसऱ्या बाजूला, साध्या पद्धतीने बसवलेल्या गुडघ्यांचा हिशेब आपल्या हातात आहे. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. इतकी वर्षं जुने गुडघे म्हणजे अर्थातच जवळजवळ सगळे रोबोटविना बसवलेले.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर अटलबिहारी वाजपेयींचं घ्या. पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये एक आणि जून २००१ मध्ये दुसरा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. ऑपरेशन केलं न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. आजच्या गुडघ्याच्या सांध्यांचा पूर्वज मानला जातो तो सांधा सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी घडवला, त्या गटातले ते एक. देशाच्या पंतप्रधानांचे गुडघेही बसले ते रोबोटविना, सर्जनच्या हाताने.

राहिला समाधानाचा प्रश्न. ऑपरेशन नीट होऊनही दहातला एखाद-दुसरा पेशंट "मनासारखं झालं नाही" म्हणतो. रोबोट आल्यावर हे प्रमाण संपेल अशी आशा होती. ते संपलेलं नाही, कारण नाराजीचं मूळ नेहमी कोनात नसतं. कुणाचं दुखणं कमरेतून येत असतं, कुणी सांधा फारसा झिजलेला नसताना घाईने ऑपरेशन केलेलं असतं, कुणी व्यायाम सोडलेला असतो. शिवाय कोन किती अंशांचा असावा यावर सर्जनांमध्येच दोन मतं आहेत: पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत अगदी सरळ रेषेत आणायचा, की माणसाचा मूळचा थोडा बाक तसाच ठेवायचा? रोबोट सांगितलेला कोन चोख देतो. कोणता कोन सांगायचा, हे त्याला ठरवता येत नाही.

दुखणं कमी होतं का? लवकर चालता येतं का?

पहिल्या काही दिवसांत रोबोटिकनंतर दुखणं जरा कमी असल्याचं काही अभ्यास सांगतात. मला प्रत्यक्षात जास्त फरक दिसतो तो भुलेच्या डॉक्टरांनी मांडीत दिलेल्या ब्लॉकमुळे, म्हणजे नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनमुळे. तो नीट लागलेला असला की पेशंट त्याच संध्याकाळी वॉकर धरून उभा राहतो, मग हाड कशानेही कापलेलं असो. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात, दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला हवा आणि वॉकरकडून काठीकडे जायला चार ते सहा आठवडे. हे वेळापत्रक दोन्हींना सारखंच.

खरं सांगायचं तर पेशंटच्या घरी गेल्यावर ऑपरेशन रोबोटिक होतं की साधं हे मला गुडघ्याच्या वाकण्यावरून ओळखता येत नाही. ओळखू येतं ते नडगीवरच्या दोन बारीक डागांवरून. काही सर्जन पिना मुख्य चिऱ्याच्या बाहेर बसवतात, त्यांचे व्रण मसुराच्या डाळीएवढे राहतात. त्यांनी पिना चिऱ्यातूनच बसवल्या असतील तर तेही नाही.

रोबोटचा खरा उपयोग कुणाला?

ज्यांच्या मांडीचं हाड पूर्वी मोडून त्यात रॉड किंवा प्लेट आहे त्यांना. पोकळीत सळई घालायला जागाच नसते किंवा हाड वाकडं जुळलेलं असतं. तिथे साध्या पद्धतीची मोजपट्टीच निकामी होते. पाय खूपच बाकदार झालेला असेल तरी मोजमापाचा आधार मिळतो. आणि ज्यांचा अर्धाच गुडघा बदलायचा आहे त्यांना. अर्ध्या गुडघ्यात चुकीला जागा कमी असते, त्यामुळे तिथे अचूकतेचं मोल अधिक.

साठी-पासष्टीचा पेशंट, नेहमीसारखी झीज, पाय थोडासा बाकदार, हात बसलेला सर्जन: इथे रोबोटमुळे आभाळाएवढा फरक पडेल असं मला वाटत नाही.

तोटे काय?

वेळ थोडा जास्त लागतो, विशेषतः टीम नवी असेल तर. खुणांसाठी बसवलेल्या पिनांच्या जागी जंतुसंसर्ग किंवा क्वचित हाड तडकणं, हा धोका लहान आहे पण साध्या ऑपरेशनात तो नसतोच. सीटी लागणाऱ्या यंत्रात किरणोत्सर्गाची थोडी भर. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते असं: काही यंत्रं त्यांच्याच कंपनीच्या सांध्याबरोबर चालतात. मॅको घेतलात की सांधा ते यंत्र बनवणाऱ्या स्ट्रायकर कंपनीचाच. म्हणजे यंत्र निवडताना नकळत तुम्ही सांधाही निवडलेला असतो.

जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, गुडघा आखडणं हे धोके दोन्हीकडे आहेत. मधुमेह ताब्यात नसेल, दात किडलेले असतील, तर आधी ते बघा. रोबोट साखर उतरवत नाही.

खर्चात किती फरक?

सांध्याची किंमत आणि रोबोटच्या वापराचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्या आदेशात कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये अशी कमाल किंमत होती, वर जीएसटी. त्याआधी हेच सांधे दीड ते अडीच लाखांपर्यंत लावले जात. बिलात सांध्याचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखवणंही बंधनकारक केलं.

रोबोटच्या वापराला मात्र अशी मर्यादा नाही. यंत्र कोट्यवधींचं, शिवाय दर वेळी नवी पातं, पिना, आवरणं लागतात. ते पेशंटकडूनच वसूल होणार. माझ्या पाहण्यातल्या बिलांत एका गुडघ्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत फरक होता. दोन्ही गुडघे असतील तर हे शुल्क एकदाच आहे की दोनदा, हे आधी विचारून घ्या. अंदाजपत्रक लेखी मागा. लाजू नका.

विम्यातून मिळेल का?

विमा नियामकाने २०१९ साली आधुनिक उपचारांची जी यादी काढली त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, त्यामुळे "रोबोटिक आहे म्हणून काहीच देत नाही" असं कंपनीला म्हणता येत नाही. पण त्या उपचारावर वेगळी मर्यादा घालता येते, आणि बऱ्याच जुन्या पॉलिसींत ती असते. सांधेबदलाला प्रतीक्षाकाळही असतो, बहुधा दोन वर्षं; अपघाताने सांधा गेला तर गोष्ट वेगळी. पॉलिसीतलं ते बारीक अक्षरातलं पान मुलाला किंवा सुनेला मोठ्याने वाचायला सांगा आणि कॅशलेस मंजुरीत रोबोटचं शुल्क धरलं आहे का हे दाखल होण्याआधीच विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. त्यासाठीच ते बसलेले असतात.

ऑपरेशन चालू असताना रोबोट बंद पडला तर?

सर्जन साच्यांची पेटी उघडतात आणि साध्या पद्धतीने पुरं करतात. ती पेटी थिएटरमध्ये तयार असतेच. म्हणूनच मी म्हणते की रोबोटिक करणाऱ्या सर्जनला साधंही उत्तम आलं पाहिजे.

"गोल्ड नी" रोबोटिकपेक्षा भारी का?

"गोल्ड नी" म्हणजे सोनेरी दिसणारा सांधा. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडसारख्या लेपाचा असतो, सोन्याचा नव्हे. निकेलची ॲलर्जी असलेल्यांना तो उपयोगी पडू शकतो. बाकी दागिना म्हणून बघायला तो तुम्हाला दिसणारही नाही.

सर्जनना काय विचारू?

गेल्या वर्षभरात तुम्ही किती गुडघे बदलले, आणि त्यांतले किती या यंत्रावर? माझ्या पायात असं काय आहे की रोबोट हवा? साधं केलंत तर तुम्हाला काय अडचण वाटते? शेवटच्या प्रश्नाला चांगले सर्जन मोकळेपणाने उत्तर देतात. एका पेशंटला तिच्या सर्जनने चक्क सांगितलं, "मावशी, तुमच्या पायाला गरज नाही, ते पैसे व्यायामाला ठेवा." अर्थात त्यामुळे मला काम मिळालं, हेही कबूल करते.

घरी आल्यावर सगळ्यांत मोठी चूक कोणती?

उशी. प्रेमाने गुडघ्याखाली ठेवलेली उशी. आराम वाटतो, म्हणून घरचे ठेवतात, आणि गुडघा त्याच अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडायला लागतो. पूर्ण सरळ न होणारा गुडघा हा न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा वाईट. चालताना माणूस कायम लंगडतो. गुंडाळी करायचीच तर टॉवेलची करा आणि ती टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहील असा. मग मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली गादीकडे दाबायचा, मनात पाच अंक मोजायचे, सोडायचा. दर तासाला दहा वेळा. एका काकूंचा रोबोटिक गुडघा कागदोपत्री तंतोतंत होता, एक्स-रे सरळ, सगळं उत्तम. तीन आठवडे उशीवर ठेवल्याने तो दहा अंश वाकलेलाच अडकला होता. तो सरळ करायला आम्हाला दोन महिने लागले आणि त्या काळात काकूंनी मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुन्हा मांडी घालून बसता येईल का?

ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता यावर ते बरंचसं अवलंबून असतं. आधीच ९० अंशांवर अडकलेला गुडघा रोबोटने बसवला म्हणून मांडी घालत नाही. बहुतेकांचा ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. त्यात खुर्ची, जिना, रिक्षा, कमोड सगळं जमतं. उकिडवं बसणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात, कारण त्यात प्लास्टिकच्या गादीवर फार दाब येतो. माझ्या एका आजींना याचंच दुःख होतं. पूजेला बसायचं कसं? त्यांच्या मुलाने देवघर जमिनीवरून उचलून ओट्याच्या उंचीच्या कपाटावर ठेवलं. आता त्या खुर्चीत बसून पूजा करतात, आणि म्हणतात, निरांजन लावायला पूर्वी वाकावं लागायचं तेही वाचलं.